दोघांचं टेबल

९ सप्टेंबर

चिमण,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, म्हणून सांगून टाकते, मी ठणठणीत आहे. गुडघे सोडून. फोन केला असता, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि ते तू कबूल करत नाहीस, नुसतं 'हो, हो' करतोस. मागच्या खेपेला मी सांगितलं की गीझर फुटला, तर म्हणालास, "वा, छान झालं." त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

तर बातमी अशी की मी क्रूझचं बुकिंग केलं आहे. एकटीचं. आणि ऑनलाइन. आता काय ओरडायचं ते ओरडून घे, मग पुढचं वाच.

तीच सफर आहे, ह्यांना जायचं होतं ती. तू दर वर्षी ते गुळगुळीत पानांचं पुस्तक आणून द्यायचास आणि हे भिंग घेऊन एकेक केबिन बघत बसायचे. बघून झालं की पुस्तक मिटायचं आणि म्हणायचं, पुढच्या वर्षी नक्की. ह्यांना जाऊनसुद्धा आता वर्ष उलटलं. म्हटलं, आता माझा तरी पुढच्या वर्षीवर भरवसा नाही.

लेकीनं फोनवरून पासवर्ड करून दिला, बाकी सगळं माझं मी केलं. वेबसाइट मोठी लाघवी आहे, मला नावानं हाक मारते. "तुमची स्वप्नातली सफर फक्त तीन पावलांवर," म्हणाली. तिसऱ्या पावलाला नेट गेलं. पुन्हा पहिल्यापासून. जन्मसाल शोधायला वर्षांची यादी खाली ओढत गेले, माझं साल येईपर्यंत चहा निवून गेला. पण शेवटी झालं, आणि पडद्यावर रंगीत कागदांचे कपटे पडायला लागले आणि 'अभिनंदन' असं आलं. घरात कुणी नव्हतं. मी त्या कॉम्प्युटरलाच थँक्यू म्हटलं.

रागावला असशील तर तसं लिही. गप्प बसू नकोस.

अक्का

१७ सप्टेंबर

ती. अक्का,

तुझ्या पाया पडतो आणि मग भांडायला उभा राहतो.

पत्र दुकानात मिळालं, गिऱ्हाइकांसमोर वाचलं, त्यामुळे ओरडता आलं नाही. सध्या हंगामाची गर्दी आहे, फोन खाली ठेवायला फुरसत नाही. तरी तुझं पत्र दोनदा वाचलं. घरात ट्रॅव्हल एजंट भाऊ असताना बहिणीनं वेबसाइटवरून जावं, म्हणजे डॉक्टरच्या आईनं पेपरातली जाहिरात बघून औषध घ्यावं तसं झालं. लोक काय म्हणतील ते सोड, मलाच कसंतरी झालं.

आता कामाचं बोलू. केबिन कुठली घेतलीस? खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मधोमध असेल तर उत्तम, तिथं हेलकावे कमी बसतात. पोहण्याच्या तलावाखाली असेल तर पहाटे पहाटे वर खुर्च्या ओढतात, झोपेचं खोबरं होतं. वेबसाइट हे सांगत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जेवणाचं टेबल. पहिल्या संध्याकाळी जिथं बसवतात तिथंच शेवटपर्यंत बसायचं असतं. एकटं माणूस असलं की मी त्याला दोघांच्या टेबलावर कधीही बसू देत नाही. दोघांची टेबलं सगळी खिडकीला लागून असतात. फोटोत झकास दिसतात, पण एकट्या माणसाला समोरची खुर्ची खायला उठते. मी दर वेळी जहाजाच्या हेडवेटरला पत्र टाकतो, की ह्या बाईंना आत स्वयंपाकघराच्या दाराजवळ जे गोल टेबल आहे, आठ जणांचं, तिथं घ्या. बघायला ती जागा काही खास नाही. दार सारखं उघडतं, ताटल्या वाजतात, वेटर धक्का मारून जातात. पण तिथं कुणाला गप्प बसून जेवता येत नाही. वेबसाइटला खिडकी चांगली एवढंच कळतं.

तू बुकिंग थेट कंपनीकडे केलंस, त्यामुळे मला त्याला हात लावता येत नाही. पण पहिल्या महिन्यात ते एजंटकडे वळवून घेता येतं. सोबत कागद जोडला आहे, खाली फक्त सही कर आणि पाठव. बाकी मी बघतो.

तुझा
चिमण

२६ सप्टेंबर

चिमण,

कागद परत पाठवते आहे, सहीशिवाय. आधी नीट ऐक, मग फुगून बस.

हे गेल्यापासून मी एकच वाक्य ऐकते आहे, "बाकी आम्ही बघतो." लेक म्हणते, शेजारचे म्हणतात, बँकेतली मुलगीसुद्धा म्हणाली. सगळे माझं बघतात. आता तूही तेच लिहिलंस.

तुझ्या दुकानात आले असते तर काय झालं असतं सांगू? तू उठून खुर्ची पुसली असतीस, पाणी दिलं असतंस, आणि मग माझ्याकडे बघितलं असतंस. जसं तू ह्यांना पोहोचवून आल्यावर त्या दिवशी दारात उभा राहून बघत होतास तसं. ते बघणं मला आता सोसत नाही रे. कॉम्प्युटर बघत नाही. प्रवासी किती म्हणून विचारतो, एक म्हटलं की एक लिहून घेतो, 'अरेरे' करत नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात जन्म गेला माझा, ह्या डोळ्यानं वाचा, त्या डोळ्यानं वाचा करत. कोण कसं बघतं ते मला जरा जास्तच कळतं, हा माझाच दोष म्हण.

केबिन कुठे आहे ते मला नकाशात समजलं नाही. टेबलाची काळजी करू नकोस, ते नीट झालं आहे. मी काही कुक्कुलं बाळ नाही.

आणि तुझं गिऱ्हाईक एकानं कमी झालं म्हणून काही दुकान बुडत नाही. एवढी गर्दी आहे म्हणतोस ना.

अक्का

८ ऑक्टोबर

ती. अक्का,

ठीक आहे. नाही फुगलो. थोडा फुगलो होतो, आता बरं आहे.

ओकारीच्या गोळ्या पहिली लाट यायच्या आधी घ्यायच्या, नंतर उपयोग नसतो. रबरी तळाच्या चपला घे, डेक ओला असतो. औषधं हातातल्या पिशवीत ठेव, मोठी बॅग केबिनपर्यंत यायला रात्र करते. मी स्वतः कधी जहाजावर पाय ठेवलेला नाही हे तुला माहीतच आहे, दुकान कुणाच्या गळ्यात मारून जाणार? पण परत आलेल्या माणसांकडून ऐकून ऐकून मला जहाजाच्या जिन्याच्या पायऱ्यासुद्धा ठाऊक झाल्या आहेत.

बंदरांच्या तारखा माझ्याकडे आहेत. मी पत्र बंदरातल्या एजंटच्या कचेरीवर टाकीन. जहाज लागलं की तिथला माणूस टपाल घेऊन वर चढतो. ही पद्धत अजून चालू आहे, फक्त कुणी वापरत नाही.

बाकी इथं नेहमीचंच, गर्दी, फोन खाली ठेवायला फुरसत नाही.

भाऊजींचा तो जाड स्वेटर बरोबर घे. संध्याकाळी डेकवर वारं फार असतं म्हणतात.

चिमण

६ नोव्हेंबर, जहाजावरून

चिमण,

आले रे बाबा समुद्रावर. गोळी पहिल्या लाटेनंतर घेतली. तू सांगितलं होतंस, मला आठवलंही, पण उशिरा.

केबिन पोहण्याच्या तलावाखालीच निघाली. पहाटेपासून वर खुर्च्या ओढतात. घे, हस पोटभर.

पण बाकी मजेत आहे, तू अजिबात काळजी करू नकोस. आमचं टेबल म्हणजे नमुन्यांचं प्रदर्शन आहे. आम्ही सहा जण आहोत. एक निवृत्त बस कंडक्टर आहेत, ते मीठ मागताना सुद्धा "पुढे चला, पुढे चला" म्हणतात. दोन बहिणी आहेत, एकमेकींवर रुसलेल्या, निरोप मधल्या माणसाकरवी देतात. एक दाताचे डॉक्टर, ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे असे बघतात की हसायचीच चोरी. हसून हसून जेवण खाली उतरत नाही. खिडकीला लागूनच बसतो आम्ही, सूर्य बुडताना समोर दिसतो. तुझ्या त्या स्वयंपाकघराच्या दारापेक्षा लाख पटीनं बरं.

स्वेटर आणला आहे. वारं असतं खरं.

पुढचं बंदर उद्या म्हणतात. तिथं हे पत्र टपालात पडेल.

अक्का

१४ नोव्हेंबर

ती. अक्का,

तुझं पत्र वाचून जिवाला बरं वाटलं. कंडक्टरसाहेबांना माझा नमस्कार सांग. दोघी बहिणींपैकी थोरलीला सांग की रुसवा धाकट्यांनी काढायचा असतो, थोरल्यांनी नाही. मला तेवढाच अनुभव आहे.

खिडकीला लागून सहा जण बसता, हे वाचून फार छान वाटलं. पाठीला गार काचेचा त्रास होतो, शाल घेऊन बस.

इथं दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पुस्तकांची खोकीच्या खोकी आली आहेत, ती बाजूला सारून बसावं लागतं. फोन तर खाली ठेवायला फुरसत नाही. तू आलीस की सविस्तर बोलू.

नीट जेवत जा.

चिमण

२७ नोव्हेंबर, जहाजावरून

चिमण,

लबाडा. सगळं कळलं मला. पण आधी माझं सांगते, म्हणजे तुला तोंड उघडायला जागा राहणार नाही.

आमच्या टेबलावर सहा जण नव्हते. मी एकटी होते. बुकिंग करताना वेबसाइटनं विचारलं, टेबल किती जणांचं? एकचा पर्यायच नव्हता, यादी दोनपासून सुरू. आणि माझं बोट, चिमण, इतकी वर्षं दोनच पानं वाढत आलेलं बोट, ते आपलं सवयीनं दोनवर गेलं. नंतर माझ्या लक्षात आलं होतं. तू विचारलंस तेव्हा सांगता आलं असतं, बदलताही आलं असतं. पण ते दोन मला पुसवेना.

पहिल्या संध्याकाळी वेटरनं विचारलं, "साहेब येताहेत ना?" मी म्हटलं, "येतील." का म्हटलं ते विचारू नकोस. तोंडातून गेलं. मग त्यानं समोरची ताटली, पेला, काटेचमचे सगळं तसंच राहू दिलं. दुसऱ्या संध्याकाळीही मी तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी मात्र खरं सांगावं लागलं. त्या बिचाऱ्यानं समोरचं एकेक उचलायला घेतलं, आणि आवाज होऊ नये म्हणून इतकं जपून उचलत होता की आजूबाजूची सगळी माणसं वळून बघायला लागली. त्यानंतर मी जेवायला जाणंच टाळलं. केबिनमध्ये ब्रेड आणून खायचे आणि वर खुर्च्या ओढल्याचा आवाज ऐकत पडायचे. फार एकटं वाटलं रे. घरी एकटं असणं वेगळं, घरात निदान भांडी तरी ओळखीची असतात.

कंडक्टर, बहिणी, दाताचे डॉक्टर ही माणसं मी लांबून बघत होते. तुझ्या त्या स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या गोल टेबलावर बसायची ती. त्यांचं हसणं खिडकीपर्यंत ऐकू यायचं. तेच तुला लिहून पाठवलं.

तर मागच्या बंदरानंतर हेडवेटर माझ्या केबिनच्या दारात आला. चांगला पोक्त माणूस आहे. म्हणाला, "तुम्ही आमच्या एजंटसाहेबांच्या बहीण ना? त्यांचं पत्र आलं आहे. गोल टेबलावर तुमची जागा केली आहे, चला." मी नाही म्हणणार होते. पण तो पुढे म्हणाला, "पूर्वी दर हंगामाला त्यांची माणसं यायची आणि त्यांचं पत्र यायचं. गेली दोन वर्षं माणूस नाही की पत्र नाही. आम्ही समजलो, गेले बहुतेक. परवा अक्षर बघितलं आणि मी आत सगळ्यांना ओरडून सांगितलं, म्हातारा आहे अजून."

मी स्वेटर घातला आणि त्याच्यामागून गेले. आता रोज तिथंच जेवते. कंडक्टर खरोखर कंडक्टरच आहेत. दाताचे डॉक्टर मात्र नाच शिकवतात, तोंडाकडे बघतात ते कमी ऐकू येतं म्हणून. तुझी आठवण झाली.

आता तुझं. दोन वर्षं एक माणूस गेलं नाही, मग ते फोन कुणाचे रे वाजतात? दवाखान्यात काही माणसं भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पाठ करून यायची. नोकरी जाईल म्हणून, नाहीतर चष्म्याची लाज म्हणून. ती मला लगेच कळायची, कारण ती अडखळतच नसत. तुझी तिन्ही पत्रं काढून बघितली. 'फोन खाली ठेवायला फुरसत नाही', 'फोन खाली ठेवायला फुरसत नाही', प्रत्येकात तेच. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी माझ्याच दुःखात होते.

तू त्या कागदावर सही मागितलीस, ती माझ्यासाठी मागतो आहेस असं मला वाटलं. ती तुलाही हवी होती. दुकानात एक तरी नाव असावं म्हणून. आणि मी वर 'दुकान बुडत नाही' असं लिहिलं. मला फार वाईट वाटतंय, चिमण.

म्हणून आता ठरवलंय. आले की तुझ्या दुकानात येते. तू खुर्ची पूस, पाणी दे आणि बघ माझ्याकडे किती बघायचं तेवढं. मी काही म्हणणार नाही. पुढच्या हंगामाची सफर तुझ्याकडून घ्यायची आहे, दोन माणसांची. एक मी, एक तू. दुकानाचं निमित्त सांगू नकोस.

अक्का

१९ डिसेंबर

चिमण,

घरी पोहोचून आठवडा झाला. दुकानाच्या पत्त्यावर टाकलेलं माझं पत्र परत माझ्याकडे आलं आहे. पोस्टमननं पाकिटावर 'दुकान बंद, जागा दुसऱ्याकडे' असं लिहिलं आहे. तुझा फोन लागतो पण तू उचलत नाहीस.

ते पाकीट न फोडता ह्यात घालते आणि हे घरच्या पत्त्यावर टाकते. वाच आणि दोन ओळी तरी लिही. नाहीतर मी गुडघे घेऊन तिथं येईन.

अक्का

४ जानेवारी

ती. अक्का,

दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, कारण पाठ केलेलं सोडून दुसरं काय लिहावं ते सुचत नव्हतं.

दुकान मी नोव्हेंबरात सोडलं, तू समुद्रावर होतीस तेव्हा. खोक्यांचं लिहिलं होतं ते खरं आहे, फक्त ती आलेली नव्हती, चालली होती. त्यातल्याच एका खोक्यावर बसून तुला पत्र लिहिलं. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. पहिले काही दिवस मी सकाळी तयार होऊन तिथपर्यंत जायचो, समोरच्या फुटपाथवर जरा उभा राहायचो आणि भाजी घेऊन परत यायचो. लोकांवर राग नाही. तेही तुझ्यासारखेच असतील, कुणी बघू नये असं वाटणारे. पण मला तेवढंच तर येत होतं ना, समोर बसलेल्या माणसाकडे बघून त्याला कुठे बसवायचं ते ठरवणं. ते संपलं आणि दिवसभर कुणाशी बोलणंच उरलं नाही. फोन उचलत नाही त्याचं कारण तू म्हणतेस तेच. डाव्या कानानं मला आता काहीच ऐकू येत नाही. घे, केलं कबूल.

सहा जण खिडकीला लागून बसतात हे वाचलं आणि मला कळलं. तिथं दोघांपलीकडे तिसरी खुर्ची मावत नाही. तुला विचारलं असतं तर तू आणखी दोन माणसं जोडली असतीस, म्हणून हेडवेटरलाच लिहिलं. ते माझं शेवटचं काम. बुकिंग माझं नव्हतं, पण काम माझंच होतं.

आता तुझ्या हुकमाचं. दुकान नाही, तेव्हा खुर्ची पुसता येणार नाही. काल दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि तुझ्या त्या लाघवी वेबसाइटवर गेलो. मलाही नावानं हाक मारली तिनं. जन्मसाल शोधताना चहा निवलाच. दुसऱ्या पावलानंतर उठून एकदा पाणी पिऊन आलो. इतक्या लोकांना पाठवलं, पण स्वतःचं नाव प्रवासी म्हणून लिहिताना दोनदा चुकलं. प्रवासी दोन. केबिन खालच्या मजल्यावर, मधोमध, लिफ्टजवळ. तलावापासून लांब. तेवढं मला अजून येतं.

मग तिनं टेबलाचं विचारलं. आयुष्यभर मी माणसांना गोल टेबलावर बसवत आलो. आठवर बोट ठेवलंही. मग काढलं आणि दोन दाबलं, सवयीनं नाही, ठरवून. खिडकीपाशी. तू माझ्या उजव्या कानाच्या बाजूनं बोल, म्हणजे ऐकू येईल.

ते रंगीत कपटे पडले तेव्हा मीही थँक्यू म्हटलं.

एक सांगून ठेवतो. मी जिन्यावरून हळू उतरतो, पहिल्या संध्याकाळी मला उशीर होईल. तू आधी जाऊन बस. वेटरनं समोरच्या खुर्चीचं विचारलं तर 'येतील' म्हण. मी येतो आहे.

चिमण